तीस दिवसांनी पुसलेला फोन

"मावशी, त्या दुपारी जे झालं तेवढंच सांगायचं," नम्रता म्हणाली. "जास्त काही नाही."

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. लोणी काळभोरच्या या घरी नम्रता तिसऱ्यांदा आली होती आणि बाईंचं उत्तर दर वेळी तेच होतं.

"गेलेलं मानूस गेलं. कशाला उकरून काढता?"

"आई, असं कसं?" त्यांचा मुलगा रामदास चिडला. "अण्णांच्या छातीत कळा येत होत्या. आईनं फोन लावला, तर मशीन म्हणालं पित्त हाय, पडून ऱ्हावा. मी खडकीला ड्यूटीवर. घरी आलो तवा सगळं संपलेलं."

फोनवर दुखणं ऐकून सल्ला देणारं ते मशीन हिंजवडीतल्या एका कंपनीचं होतं. त्याची सुरक्षा चाचणी नम्रतानं केली होती. गावाकडच्या बोलीत कुणी छातीतलं दुखणं सांगितलं, की मशीन कधीकधी त्याला पित्त समजतं, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. तिचे साहेब म्हणाले, "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. लाँच अडवू नकोस." तिनं चाचणीच्या अहवालावर सही केली. दोन महिन्यांनी पेपरात सुशीलाबाईंचे पती सीताराम यांच्या मृत्यूची बातमी आली आणि तिनं नोकरी सोडली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

या घरात मात्र तिनं एवढंच सांगितलं होतं, की ती नव्या कायद्यासाठी काम करते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर देशाचा कायदा होऊ घातला होता. मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला दिल्लीची समिती पुण्यात येणार होती. अशा मशीनशी झालेलं प्रत्येक बोलणं कंपनीनं जपून ठेवावं, असं एक कलम त्यात होतं. कंपन्यांना नेमकं तेच नको होतं.

"म्हंजे आमचं बोलणं कुठं ठेवलेलं न्हाई?" बाईंनी अचानक विचारलं.

"नाही. तीस दिवसांनी पुसलं. पुसू नका म्हणायला कायदाच नव्हता."

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "येते पुण्याला."

सुनावणीला सभागृह भरलं होतं. कंपनीच्या वकील राजनंदिनी शांतपणे उठल्या.

"मशीन चुकलं, असं जो तो म्हणतोय. ऐकलंय कुणी? पुरावा आहे? की आता देशाचे कायदेही ऐकीव गोष्टींवर करायचे?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. नम्रताचा नंबर सुशीलाबाईंनंतर होता, पण तिला बसवेना. ती थेट माईकपाशी गेली.

"चाचणी मी केली होती," ती म्हणाली. "दोष मला दिसला होता. तरी मी सही केली. सीताराम माझ्यामुळे गेले."

रामदास ताडकन उठला.

"आमच्या घरी बसून चहा पीत होतीस ना तू? तोंड वर करून आईशी बोलत होतीस!"

नम्रताला रडू फुटलं. समितीच्या अध्यक्षांनी तिला आधी पाणी द्यायला सांगितलं, मग तिचं पूर्ण नाव विचारलं. या जबाबावर खटला होऊ शकतो, याची कल्पना आहे का, असंही विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात सुशीलाबाई उठल्या. रामदास त्यांना धरायला गेला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. त्या माईकपाशी आल्या. नम्रता मान खाली घालून रडत होती. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हिचं नाव लिहू नका, साहेब," त्या म्हणाल्या. "मशीन बरोबर बोललं होतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, असं दोनदा म्हणालं. धाकट्या लेकीला बघायला पाव्हणं यायचं होतं. मीच ह्यांना म्हनले, पाव्हणं जाऊ द्या, मग जाऊ."