सत्काराच्या शाली

परसातल्या खुराड्याच्या जाळीला आपल्या सत्काराच्या शाली तारेनं बांधलेल्या पाहून बोरस्ते सर चहा अर्धवट टाकून बाहेर धावले. निवृत्तीनंतर गावोगाव व्याख्यानं देऊन जमवलेल्या सत्तावीस शाली होत्या त्या. आमदारांनी पांघरलेली तर थेट दारालाच लटकत होती.

"अहो, निफाडची थंडी आहे ही. परवा एक तलंग कोंबडी काकडून मेली," त्यांची बायको कौसल्याबाई म्हणाल्या. "पेटीत कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ द्या."

सर दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारचे तलाठी खुराडं बघून भारावले, आणि सरांना वाचा फुटली. मुक्या जिवांसाठी आपण आपले सन्मान कसे अर्पण केले, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. पुढच्या व्याख्यानाचा विषयही ठरवून टाकला: 'त्याग'.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ते फोटो काढायला परसात आले, तर शालींचा ढीग जमिनीवर पडला होता आणि बाई जाळीला जुनी गोणपाटं शिवत होत्या.

"काढल्यास कशाला?"

"वारा आरपार जात होता. कोंबड्या तशाच कुडकुडत होत्या," हात न थांबवता बाई म्हणाल्या. "सत्तावीसांत एक शाल उबेची निघाली नाही."

सरांनी ढिगातली आमदारांची शाल उचलून झटकली. मग तलाठ्यांच्या घराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "फोटोपुरत्या दोन-चार परत लाव ना."