मार्लिसबाईंचे बटाटे

"नाही राहिलं," फोनवरची नर्स म्हणाली. मग, दवाखान्यात शिकवतात तशा आवाजात, "फार वाईट वाटतंय, डीना."

डीनाने "बरं" म्हटलं, आभारही मानले. फोन ठेवून ओट्यावरचे कप धुतले. धुतलेलेच होते ते. मग कर्टला फोन केला. तो गावाच्या धान्यकोठारावर कामाला होता. मागे ट्रकची घरघर ऐकू येत होती. "येतो लवकर," इतकंच म्हणाला.

आता एकही भ्रूण उरला नव्हता. ओरेगनमधल्या एका जोडप्याला उपचार घेऊन मुलं झाली होती आणि दोन भ्रूण गोठवलेले राहिले होते. टाकून देववेना, म्हणून त्यांनी ते दत्तक द्यायचं ठरवलं. किती जोडप्यांचे फोटो त्यांच्यापुढे होते, त्यातून त्यांनी डीना आणि कर्टचा निवडला, कुत्र्यासकट. समाजसेविका घर बघून गेली. पायऱ्यांना कठडा हवा म्हणाली. कर्टने त्याच शनिवारी लावला. पहिला भ्रूण मक्याच्या कापणीच्या सुमारास डीनाच्या पोटात सोडला, तो रुजला नाही. दुसरा आता, हिवाळा सरता सरता.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेब्रास्कातल्या एवढ्याशा गावात लपतंय काय? चर्चमध्ये दोघांसाठी प्रार्थनासुद्धा झाली होती. फक्त डीनाच्या सासूने, मार्लिसबाईंनी, हात जोडले नव्हते. भर जेवणात त्या म्हणाल्या होत्या, "हरणाचं मांससुद्धा मी फ्रीजरमध्ये वर्षावर ठेवत नाही. आणि तुम्ही कुणाचं तरी दहा-अकरा वर्षांपूर्वीचं उरलंसुरलं घरात आणणार?" कर्ट ताटावरून उठला. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं हवापाण्यापुरतं राहिलं.

आणि मार्लिसबाईंशी वाकडं म्हणजे अख्ख्या गावाच्या ओव्हनशी वाकडं. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. कुणाच्या घरी काय न्यायचं, ते त्या ठरवणार. आजाऱ्याला कोंबडीचं सूप आणि नूडल्स. बाळंतिणीला भाजलेलं हॅम. मयताच्या घरी चीज घातलेले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. यात तसूभर इकडचं तिकडे नाही. मध्यंतरी गावात नवी आलेली एक बाई अपेंडिक्स काढलेल्या म्हाताऱ्या ओटोकडे बटाटे घेऊन निघाली, तर मार्लिसबाईंनी तिला चर्चच्या दारातच अडवलं. "अगं बाई, जिवंत आहे तो अजून! पुरायला निघालीस की काय त्याला?" गाव आठवडाभर हसत होतं. ओटोचे तर टाके दुखले. डीनाही हसली होती.

पहिला गेला तेव्हा डीना वाट बघत बसली होती. कशाची, ते कुणाला सांगायची तिला लाज वाटली असती. दार वाजेल, कुणीतरी गरम भांडं पुढे करेल. नूडल्स आणले असते तरी चाललं असतं. कुणी आलं नाही. आणि येणार तरी कशासाठी? ना बाळंतपण, ना आजारपण, ना मयत. पास्टरच्या बायकोने खांद्यावर थोपटलं, "पुढच्या वेळी नक्की," म्हणाली, जणू डीनाची बस चुकली होती. डीनाला पोटभर रडायचं होतं. पण ज्याच्यासाठी रडायचं, तो कुणाच्या खिजगणतीतच नव्हता. मग ती रडलीच नाही.

कर्ट संध्याकाळी आला. दोघं टेबलाशी बसून राहिली. भूक कुणालाच नव्हती.

"आईला सांगितलं मी," कर्ट म्हणाला.

"कशाला?"

"दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर आणखी बोलणी."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. फोन ठेवून दिला."

"झालं असेल समाधान," डीना म्हणाली. बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

तेवढ्यात दारावर लाथ बसली. हात भरलेले असले की माणूस बुटाच्या टोकाने मारतो, तशी. डीनाने दार उघडलं. मार्लिसबाई उभ्या होत्या. कोटाची बटणं वरखाली लागलेली, हातात ओव्हनचे मोजे, टॉवेलात गुंडाळलेलं भांडं.

"बघत काय बसलीस? टेबलावर काहीतरी घाल, चटका बसेल लाकडाला."

डीनाने घडी करून फडकं घातलं. मार्लिसबाईंनी भांडं ठेवलं. डीनाने वरचा कागद जरा उचलला, तशी वाफ आली. खरपूस झालेले कॉर्नफ्लेक्स, खाली चीज. तिला काही सुधरेना.

"आई, तुमची काहीतरी गडबड झालीय. हे बटाटे आहेत."

"मग?"

"बटाटे... मयताच्या घरी नेतात ना?"

"मयताचं घर कुठलं, हे आता तू मला शिकवणार?" आवाज नेहमीसारखाच करडा होता. त्यांनी लेकाकडे बघितलं. "कर्ट, ऊठ. गाडीत आणखी एक भांडं आहे, घेऊन ये. हे धाकट्याचं. थोरल्याचं माझ्याकडून राहून गेलं होतं."