हात लावा

केशरबाईनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली, भरल्या घागरीच्या गळ्याला हात घातला आणि नळावरच्या बायकांना म्हणाली, "कुणीतरी हात लावा गं."

एकही बाई पुढं आली नाही.

भरलेली घागर डोक्यावर चढवायला दुसऱ्याचे दोन हात लागतात, आणि विहाराजवळच्या ह्या नळावर ते आजवर कुणी कुणाला नाकारले नव्हते. भांडण असलं तरी बायका आधी घागर चढवून देत आणि मग भांडण पुढं चालू करत. आज मात्र सगळ्या खाली मान घालून उभ्या. शेवटी एकीनं सांगून टाकलं. बन्सीभाऊ दोन आठवड्यांमागंच येऊन बजावून गेलेत, म्हणे. केशरच्या डोक्यावर जी घागर देईल, तिनं त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही.

केशरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात नवऱ्याचा पहारा होताच, आता नळावरही बसवला की ह्या माणसानं!

ऑपरेशनला आज तेविसावा दिवस होता. पोटावर जुन्या टाक्यांच्या जागी गाठ आली होती, खोकलं की आतडं बाहेर डोकावायचं. डॉक्टरांनी आत जाळी बसवली आणि तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. आता डॉक्टर सांगतातच. ऐकतं कोण? पण बन्सीनं ऐकलं, आणि असं ऐकलं की विचारू नका. लेक पौर्णिमा आठ दिवस राहून सासरी गेली, त्या दिवसापासून चूल त्याच्या ताब्यात. भाकरी थापताना मोडायची, तर गडी प्लॅस्टिकच्या पिशवीवर थापून ती तव्यावर उलटायला शिकला. पिठाचा डबा त्यानं वरच्या फळीवर चढवला, पाटा-वरवंटा शेरडांच्या खोपटात नेऊन टाकला. रोज सकाळी तिच्या पोटाचा पट्टा स्वतः आवळायचा आणि कॅलेंडरवरची एक तारीख खोडायचा. आख्ख्या संसारात ज्यानं स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नव्हतं, त्याच्या अंगात हे कुठून आलं, तिला कळेना. विचारलं तर बोलायचा नाही. दवाखान्यातून आल्यापासून तो असाच होता.

तिनं हेही सोसलं असतं. पण काल चौसाळ्याहून थोरली नणंद बायनाबाई भेटायला आली. भावाच्या हातची भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याली आणि शेजारपाजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की आमच्या बन्सीला शेवटी बायकोनं चुलीम्होरं बसवलाच. बन्सी नुसता हसला. केशरबाईनं मात्र हातातला घास ताटात ठेवला. खायला काळ अन् भुईला भार, हीच आपली गत झाली का? आपल्यापायी नवऱ्याचं चार माणसांत हसं व्हावं, ह्या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटावरच तिनं ठरवून टाकलं, आता पुरे, उद्याचं पाणी मीच आणणार. आज सकाळी बन्सी बहिणीला एसटीत बसवायला फाट्यावर गेला, तशी ती घागर घेऊन निघाली.

आणि आता ही अशी अडकून बसली होती. नाही ना कुणी येत? नका येऊ. ती एकटीच घागर उचलायला वाकली, तेवढ्यात बन्सी आला. फाट्यापासून चालत आलेला, घामेघूम.

बायका बाजूला सरकल्या. केशरबाई मागं हटणारी नव्हती. बरं झालं आलात, ती म्हणाली, आता तुमीच हात लावा. बन्सीनं नाही म्हणून मान हलवली.

"कावून?" ती म्हणाली. "मागल्या ऑपरेशनाला नवव्या दिवशी फडात हुते मी. काय झालं मला?"

नळावरच्या सगळ्या जणींना ही गोष्ट पाठ होती. बावीस वर्षांमागं, पौर्णिमा झाल्यावर, तिनं पोरं बंद करायचं ऑपरेशन केलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बसली तर कोयताच बसला. नवव्या दिवशी केशरबाई उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. पुढं ऊसतोड सुटली, पण ही गोष्ट तिनं नव्या सुनांना सांगून सांगून मिरवली होती.

बन्सीनं तिच्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग इतक्या दिवसांत जे बोलला नव्हता, ते सगळ्यांदेखत बोलला. जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. आधीचे टाके ओले असताना हिनं जड काही उचललं होतं का, असं विचारलं होतं. आतली शिवण तेव्हाच उसवली असणार, म्हणाले.

केशरबाईचा हात आपोआप पोटावरच्या पट्ट्याकडं गेला. मग तिनं घागर सोडली.

"उसाची मोळी एकटीला चढत न्हाई, केशर," बन्सी म्हणाला. "त्या दिशी तू म्हणलीस हात लावा, अन् म्या लावला."