नऊ मैलांची गाडी

तीनशे घोड्यांची ताकद असलेली ती गाडी चार माणसं ढकलत जत्रेच्या मैदानात आणत होती. व्हर्लिन हॉस्टेटलर तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत ओरडत होता, "हळू रे! अंगठीवाल्यांनी हात लावू नका! डेल, लेका, पोट आत घे, रंग खरवडशील!"

इंजिन सुरू करायचा प्रश्नच नव्हता. सुरू केलं असतं तर गाडी वापरल्यासारखी झाली असती.

चाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या शर्यतीत जी पेस कार धावली, तिच्या हुबेहूब जुळ्या बहिणी कंपनीने मोजक्याच काढल्या होत्या. पांढरा रंग, नारिंगी पट्टे, नारिंगी सीट. पेस कारचं काम तसं मजेशीर. तिने सगळ्यांच्या पुढे ऐटीत धावायचं, मागच्यांना वेग लावून द्यायचा, आणि खरी शर्यत सुरू झाली की गुपचूप बाजूला व्हायचं. व्हर्लिनने त्यातली एक घेतली आणि तिला तेवढ्याही कष्टातून सोडवलं. थेट गॅरेजमध्ये घातली. सीटवरचं प्लास्टिक तसंच, दारांवर चिकटवायची अक्षरं खोक्यात तशीच. मीटरवर फक्त नऊ मैल होते, दुकानातून घरी येतानाचे. चारचौघांत तो त्या नऊ मैलांबद्दलही हळहळायचा.

"एक दिवस ही गाडी आपलं नाव काढेल," असं तो लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला म्हणे. त्याची बायको लुएला मान डोलवे आणि टपावरून गळणारी पिकअप घेऊन बाजाराला जाई.

आज तो दिवस उगवला होता. जुन्या मोटारींच्या क्लबचा परीक्षक मर्ल पेटिट गाडीला 'अस्पर्श' असा सोनेरी शिक्का देणार होता. शिक्का बसला की ओहायोचे स्ट्रॅटनसाहेब ती विकत घेऊन जाणार होते. त्यांच्याकडे काचेची खोली होती, कुलपाची. तिथे गाडी कायमची सुरक्षित राहणार होती, म्हणजे तिच्यात पुन्हा कधी माणूस बसणार नव्हता. व्हर्लिनने त्यांना हो म्हटलं तेव्हा दोनदा घसा खाकरला होता. पण चाळीस वर्षं गावभर बढाया मारल्यावर नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

गावाला कोण कौतुक! गाडीबरोबर लुएलाचं काय जाणार होतं, ते मात्र तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मर्लने भिंग काढलं. प्लास्टिक पाहिलं, मीटर पाहिला. टायर जरा झिजलेले दिसले. पण नुसतं उभं राहूनही झिजायला होतंच की, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. जाणकार माणूस! मग रिवाजाप्रमाणे शपथेची वेळ आली. मालकाने बॉनेटवर हात ठेवायचा असतो. व्हर्लिनने तो वीतभर वर अधांतरी धरला.

"घरी आणल्यावर ही गाडी कोणी चालवली आहे?"

"कोणीही नाही," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज बसला. लोकांना वाटलं, गहिवरला बिचारा.

"घरातलं आणखी कोणी?" मर्लने रिवाजापुरतं लुएलाकडे पाहिलं. शिक्क्यामागचा कागद त्याने सोलायलाही घेतला होता.

लुएलाने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एका बाजूला अख्ख्या गावासमोर नवऱ्याची अब्रू होती, दुसऱ्या बाजूला ती काचेची खोली.

"मी चालवली," ती म्हणाली.

डेलच्या हातातलं सँडविच तोंडापाशीच थांबलं.

"दर मेमध्ये. हा शर्यत बघायला शहरात गेला, की मी मीटरची तार काढते. मग मैल पडत नाहीत. माझ्या बापाचं गॅरेज होतं, मर्ल, मला शिकवू नकोस. मक्याच्या शेतांमधून नदीपर्यंत जायचं, सगळ्या काचा खाली करून. त्या एका दिवसावर मी वर्ष काढते. ती नाही मी काचेत जाऊ देणार."

"उन्हाने तुझं डोकं फिरलंय, लुएला," मर्ल म्हणाला. हातातला शिक्का आता त्याच्या बोटालाच चिकटला होता. "तू चालवलीस तर सीट पुढे असती. ही बघ, पार मागे आहे."

"तेच तर मला कळत नाही! माझे पाय पेडलला पोचत नाहीत, म्हणून दरवर्षी पुढे ओढते. परत मागे लोटायची आठवण मला एकदाही राहिलेली नाही. तरी पुढच्या मेमध्ये बघावं तर ही आपली मागेच. मला वाटतं, तिची स्प्रिंगच तशी असेल."

स्ट्रॅटनसाहेबांनी टोपी घातली आणि कोणाचाही निरोप न घेता ते आपल्या मोटारीकडे चालू लागले. एवढ्या लांबून येऊन वापरलेली गाडी बघावी लागली, याचं दुःख त्यांच्या पाठीवरसुद्धा दिसत होतं.

सगळे व्हर्लिनकडे बघू लागले. आता हा भडकणार, असं वाटून लुएलाने पर्स छातीशी घट्ट धरली. अधांतरी धरलेला तो हात व्हर्लिनने अंगठीसकट बॉनेटवर टेकवला, आणि चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखा मोठ्ठा श्वास सोडला.

"स्प्रिंग चांगली आहे गं," तो म्हणाला. "दर जूनमध्ये, पहिल्या बुधवारी तू चर्चमध्ये गायला गेलीस, की मीही ती तार काढतो, आणि आत बसताना माझे गुडघे स्टेअरिंगवर आपटतात."