वाट सोडायला मनाई

दुरी आणि याखन सख्खे भाऊ. वडिलांचं कुरण विकण्यावरून दोघांचं बिनसलं आणि तेव्हापासून गावात एक समोरून आला की दुसरा गल्ली बदलायचा. पण गावामागच्या डोंगरावर राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथे आखलेली वाट सोडून गवतात पाऊल टाकायला सक्त मनाई. त्या दिवशी खिंडीकडून उतरणाऱ्या दुरीला समोरून धापा टाकत चढणारा याखन दिसला, तेव्हा दोघांनाही तोंड लपवायला जागा उरली नाही.

"काठी नीट धर," थोरला दुरीच आधी बोलला.

"शिकवू नकोस. हिवाळ्यात माझी छाती उघडून शिवली, तेव्हा कुठे होतास?"

"दवाखान्यात. तुझ्या उशाशी. तू झोपला होतास."

याखन बघतच राहिला. "मग उठवायचं ना, गाढवा!"

"भांडला असतास. टाके उसवले असते."

याखनला इतकं हसू आलं की त्याला वाटेकडेच्या दगडावर टेकावं लागलं. दुरीने पिशवीतून पाव आणि चीज काढलं. दोघांनी मिळून ते संपवलं. मग याखन उठला.

"निघतो. आज खिंड गाठायचीच, असं ठरवून आलोय."

तो थोडा वर गेला असेल नसेल, तोच मागून पावलं वाजली. त्याने वळून पाहिलं.

"अरे, तू तर उतरत होतास ना?"

"होतो," दुरी म्हणाला. "तू चाल सावकाश. मी आहे मागे."