पुराचा मधला आकडा

"अठरा फूट," भालचंद्र आजोबा म्हणाले आणि कुणी हसतंय का ते पाहून घेतलं.

वटारच्या बालवाडीच्या नव्या जोत्याची उंची ठरायची होती. तीस वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी जिथवर चढलं, त्याच्या वर जोतं हवं. नाहीतर पुढल्या पुरात पोरं पाण्यात. जुनी इमारत पाडली तशी भिंतीवरची पाण्याची खूणही गेली. म्हणून इंजिनिअर क्षितिजाने पूर आठवणारी सात म्हातारी माणसं अंगणात बोलावली होती.

बाकी सहाजणांचे आकडे तीन ते पाच फुटांतले. त्यात अठरा मिसळून सरासरी काढली, ती आली सहा.

आजोबांनी खुशीत मिशी चाचपली. त्यांच्या तोंडी तो पूर दरवर्षी चढतच आला होता. हल्ली त्यांच्या गोष्टीत पाणी ओसरल्यावर माडाच्या झावळ्यांत बोय मासे लटकत असत.

"सरासरी नकोच. मध्यक घेऊ," क्षितिजा म्हणाली. तिने सगळ्यांना आकड्यांप्रमाणे रांगेत उभं केलं. तीन फूटवाले एका टोकाला, आजोबा दुसऱ्या. बरोबर मध्ये आजोबांची शेजारीण बर्थाबाय. चार फूट.

"आणि मी चाळीस म्हटलं तर?"

"तरी तुम्ही टोकालाच, आजोबा. मधलं माणूस हलत नाही."

आजोबांना मोठं नवल वाटलं. एवढी दांडगी थाप, आणि एक बाई तसूभर सरकत नाही? असं काय पाहिलंय हिने? ते रांग मोडून तिच्यापाशी गेले.

"बर्थाबाय, पाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"मी कुठली बघतेय? आम्ही सगळी आगाशीच्या शाळेत जाऊन बसलेलो. गावात राहिलेले एकटे तुम्ही. परत आलो तर तुम्हीच सांगितलंत, चार फूट. तेव्हा जरा बेतानं सांगायचात."

रांगेतल्या पाचही माना डोलल्या. कुणाला तीन आठवत होते, कुणाला पाच. ऐकलं होतं सगळ्यांनी आजोबांकडूनच.

क्षितिजाने बांबूवर खडूने चार फुटांची रेघ ओढली आणि गवंड्याला हाक मारली. आजोबा त्या रेघेकडे बघत राहिले. पुरात एकटा मागे राहिलेला माणूस म्हणून गावाने तीस वर्षं त्यांना पहिला चहा दिला होता.

"ती रेघ पूस, पोरी," ते म्हणाले. "त्या पुरात मी माणिकपूरला सासुरवाडीत होतो."