बिनशिंगी शिकार

रोवीनाने हरिणी ओढत शिकारीच्या कॅम्पमधल्या झोपडीच्या अंगणात आणली, तेव्हा पुरुषमंडळी शेकोटीभोवती कॉफी पीत बसली होती. कोणी उठलं नाही. एरवी उताराच्या टोकाला कुणी शिकार घेऊन येताना दिसलं की दोघेतिघे हात द्यायला धावत. आज सगळ्यांची नजर आधी जनावराच्या डोक्याकडे गेली आणि तिथेच खिळली. शिंगं नव्हती.

"काय गं, वाटेत गळून पडली वाटतं?" तिचा भाऊ रॉइस म्हणाला. बाकीचे हसले. तिचे वडील डेल्बर्ट हसले नाहीत.

डेल्बर्ट हॉब्सच्या जमिनीवर हरिणीला गोळी घालायची नाही, हे अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरपट्टीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. सरकारने मादी मारायचे परवाने सुरू केले, तेव्हा जंगल खात्याचा एक माणूस समजवायला आला होता. कळपात माद्या फार झाल्यात, काही कमी केल्या तर उरलेल्या पोटभर खाऊन धडधाकट राहतील, असं त्याचं म्हणणं. डेल्बर्टने त्याला कॉफी पाजली, फाटकापर्यंत पोचवलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. एक मादी मारली की तिच्या पोटची पुढची सगळी पाडसं मारली, असं तो म्हणे. जो मारेल त्याने या जमिनीवर परत पाऊल टाकायचं नाही. नियम आजोबांपासून चालत आलाय, असं रॉइस अभिमानाने सगळ्यांना सांगे. डेल्बर्टने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

रोवीना याच नियमात वाढली होती. लहानपणी तिला तो फार आवडायचा. पण अलीकडे तिला रान बघवत नव्हतं. ओकचं एकही रोप गुडघ्यावर येत नव्हतं. हरणाचं तोंड पोचेल तिथवर सगळी झुडपं ओरबाडून निघालेली. गेला हिवाळा सरताना ओढ्यात पाडसं मरून पडली होती, तोंडात एरवी हरीण खात नाही असा सीडरचा कडू पाला तसाच. ती तिने स्वतः पाण्यातून ओढून काढली. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, यंदा थंडी फार होती. त्याच्या आदल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते.

मग तिने वाद घालणं सोडून दिलं. मादीचा परवाना काढला. आज सकाळी न्याहारीला पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही वाढताना तिने वडिलांना सरळ सांगितलं, की समोर मादी आली तर मी मारणार आहे. डेल्बर्टने ताटावरून मान वर केली नाही. पोरगी चिडवतेय, असं त्याला वाटलं असावं.

आता ती हरिणीच्या मागच्या पायांना दोर बांधत होती. शेजारच्या आडव्या खांबावर नरांची धुडं टांगलेली होती.

"तिथे टांगायची नाही," डेल्बर्ट म्हणाला.

"इथेच टांगणार, डॅडी. चोरून मारली असती तर चोरून नेली असती."

तिने दोर खांबावरून टाकला आणि ओढायला लागली. एकटीला ते ओझं झेपत नव्हतं. हरिणी अर्धी वर गेली आणि अडकली. रोवीनाने दोर मनगटाला गुंडाळला, टाचा मातीत रोवल्या आणि तशीच उभी राहिली. हाकलायचंच असेल तर हाकला, पण आधी हिच्या पोटात हात घालून बघा, असं तिने वडिलांना सांगितलं.

डेल्बर्ट उठला. म्हातारा सावकाश चालत आला. आतडी तिने रानातच काढली होती. त्याने फाडलेल्या पोटात हात घातला आणि पाठीच्या कण्यापाशी चाचपलं. नोव्हेंबरात हरणाचे गुर्दे चरबीत बुडालेले असतात. हे दोन्ही उघडेच होते. त्याने एकेक बरगडी बोटाने चाचपली. पाठ, पुठ्ठा, मान. मग हात बाहेर काढला. बोटांना चरबीचा थेंबही लागला नव्हता.

"सगळ्या अशाच आहेत?"

"सगळ्याच."

रॉइस मागून आला. त्याला बहिणीची थोडी कीव येत होती, पण आवाज कडकच होता. नियम म्हणजे नियम, तो म्हणाला, आणि आजोबांचा नियम घरच्या माणसासाठी बदलायचा नसतो.

"आजोबांचा नियम वेगळाच होता," डेल्बर्ट म्हणाला. "दिसेल ते मारायचं. माझ्या तरुणपणी या डोंगरात हरीण उरलंच नव्हतं. एका हिवाळ्यात एक मादी दिसली. बापाने बंदूक माझ्या हातात दिली. घरात मक्याच्या पिठाशिवाय काही नव्हतं. ती समोर उभी होती आणि मी बंदूक खाली ठेवली."

रॉइसने हे कधीच ऐकलं नव्हतं. रोवीनानेही नाही. तिच्या मनगटात दोर रुतत होता, पण तिने तो सोडला नाही.

"मग आजोबा काय म्हणाले?" रॉइसने विचारलं.

डेल्बर्टने मुलीच्या हाताच्या वर दोर धरला आणि ओढला. हरिणी नरांच्या रांगेत वर गेली.

"म्हणाले, बापाचं न ऐकणाऱ्याने या घरात पाऊल टाकायचं नाही. म्हणून तर मी इथे येऊन ही झोपडी बांधली."